रॉडच्या आधी रिपोर्ट, आणि ब्लॉक आपल्या ताब्यात

ताई, घरातल्या घरात पाय घसरून तुमच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं, एक्स-रेत हाडात पोकळी दिसली आणि डॉक्टर 'उद्याच रॉड टाकू' (म्हणजे हाडाच्या आतून सळई घालू) म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या मुलाचं अगदी असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही, बाप म्हणून सांगतोय. निर्णय तुमच्या सर्जनला विचारूनच घ्या.

पोकळी बऱ्याचदा साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठीची असते. पण अन्युरिझमल बोन सिस्ट ही साधी गाठ आणि टेलँजिएक्टॅटिक ऑस्टिओसार्कोमा हा कॅन्सर एमआरआयमध्ये सारखेच दिसू शकतात. कॅन्सरच्या गाठीतून रॉड गेला तर पेशी हाडाच्या आतल्या नळीभर पसरू शकतात, मग पाय वाचवणं अवघड होतं. म्हणून आधी बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं), तीही पुढचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्याच सल्ल्याने. जखम उघडी नसेल आणि पायाचा रक्तपुरवठा नीट असेल, तर तोवर ट्रॅक्शनवर (पायाला वजन बांधून हाड ताणून ठेवून) थांबता येतं का, हे स्पष्ट विचारा.

आमची बायोप्सी झाली, पण रिपोर्ट गुळमुळीत आला. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला दाखवायचं ठरलं, तर तिथे स्लाइडसोबत (काचपट्टीवरच्या नमुन्यासोबत) ब्लॉकही लागतो. ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीतला मेणाचा तुकडा, त्यात गाठीचा नमुना असतो. त्यातून नव्या चकत्या कापून वेगळ्या तपासण्या करता येतात, तयार स्लाइडवर त्या सगळ्या होत नाहीत. आमच्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागाने तोच अडकवला. आधी 'ब्लॉक बाहेर देत नाही', मग 'डॉक्टरांचं पत्र आणा', पत्र नेलं तर 'सही करणारे साहेब रजेवर'. पोरगं ट्रॅक्शनला आणि आम्ही खिडकीशी. शेवटी ब्लॉक सापडतच नाही म्हणाले. पोराला पुन्हा भूल, पुन्हा बायोप्सी. याचा राग अजून जात नाही.

म्हणून बायोप्सीच्या आधीच ब्लॉकसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी ताडून बघा. दाखवायला पोराला हलवायची गरज नसते. रिपोर्ट, एमआरआयची सीडी, स्लाइड आणि ब्लॉक घेऊन घरातलं कुणीतरी सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाऊ शकतं. ब्लॉक उन्हात ठेवू नका, सोलापूरच्या उन्हात मेण मऊ पडतं.

आमचं निदान साध्या सिस्टचं निघालं. गाठ खरवडून हाड भरलं आणि हाडाच्या टोकाजवळच्या वाढीच्या भागाला धक्का न लावता लवचीक टायटॅनियमचे नेल (बारीक सळया) घातले. हा सिस्ट पुन्हा होऊ शकतो, म्हणून एक्स-रे चालूच आहेत. खर्चासाठी सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भरती होतानाच भेटा, रेशनकार्ड जवळ ठेवा.