नकाशाच्या जागी आलेख

प्रश्न : भारतातील सर्व राज्यांचा २००५ ते २०२० या काळातील अर्भक मृत्युदर (दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके) मला एकाच पानावर मांडायचा आहे. रंगीत नकाशात एकच वर्ष मावते आणि सगळ्या रेषा एका आलेखात काढल्या, तर त्यांचा गुंता होतो. काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : प्रत्येक राज्याला सारख्याच आकाराची चौकट द्यावी, ती भूगोलातील तिच्या जागेच्या जवळपास ठेवावी आणि तिच्यात त्या राज्याचा रेषालेख काढावा. मृत्युदराचा क्षेत्रफळाशी संबंध नसतानाही रंगीत नकाशात राजस्थान डोळ्यांत भरतो आणि ३,७०२ चौरस किलोमीटरचा गोवा दिसत नाही. हा अन्याय या मांडणीत टळतो.

सुरुवात महाराष्ट्रापासून करून पाहा. वर मध्य प्रदेश, वर डावीकडे गुजरात, उजवीकडे छत्तीसगड, त्याखालच्या कोपऱ्यात तेलंगणा, खाली कर्नाटक आणि खाली डावीकडे गोवा अशी रचना सहज जमते. डावीकडची चौकट अरबी समुद्राची म्हणून रिकामी सोडावी. सगळीकडे इतके नेटके जुळणार नाही, विशेषतः ईशान्येत; तेथे अचूक दिशेपेक्षा शेजार टिकवणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण वाचक आपले राज्य शेजाऱ्यांवरूनच शोधतो.

उभा अक्ष सर्व चौकटींत एकच असावा आणि तो शून्यापासून सुरू व्हावा, याबाबत मात्र तडजोड करू नये. २०२० मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात ४३, महाराष्ट्रात १६ आणि केरळमध्ये ६ अर्भकमृत्यू होते. प्रत्येक चौकटीला स्वतःचा अक्ष दिला, तर केरळमधील एक-दोन अंकांचा चढउतारही मध्य प्रदेशातील मोठ्या घसरणीएवढा भासेल. समान अक्षावर केरळची रेषा तळाशी सपाट दिसते, पण हीच तिची खरी माहिती आहे. देशाची सरासरी, जी २०२० मध्ये २८ होती, प्रत्येक चौकटीत फिकट राखाडी रेषेने काढली, तर तुलनेसाठी नजर पानभर फिरवावी लागत नाही.

आकडे आपण बहुधा भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीतून, म्हणजे निवडक भागांतील जन्म-मृत्यूंच्या नोंदींवरून दर काढणाऱ्या पाहणीतून, घ्याल. तेथे मोठ्या राज्यांचे दर वार्षिक असतात. लहान राज्यांत नमुना अपुरा पडत असल्यामुळे त्यांचे दर तीन वर्षांच्या आकडेवारीवर काढलेले असतात. त्यामुळे गोव्याची रेषा महाराष्ट्राच्या रेषेपेक्षा अधिक गुळगुळीत दिसली, तर त्याचे श्रेय तेथील आरोग्यसेवेच्या सातत्याला देऊ नये. अशा रेषा तुटक काढून पानाच्या तळाशी खुलासा द्यावा. तेलंगणा २०१४ मध्ये स्थापन झाले. त्याआधीचे आंध्र प्रदेशाचे आकडे संयुक्त राज्याचे असल्यामुळे ते तेलंगणाच्या चौकटीत चिकटवू नयेत, तिचा डावा भाग कोराच ठेवावा.