गाणी आणखी लहान करू नका, सीडीचा प्रकार बदला

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या गाडीत जुना सीडी प्लेअर आहे, गणपतीला कोकणात जाताना लावायला १५० गाणी एकाच सीडीवर हवीत. फोल्डर ६०० एमबीचं, सीडी ७०० एमबीची, तरी सॉफ्टवेअर १८ गाण्यांवर अडतं. इथवर काळजीचं काही नाही. पण ‘दुकानदार म्हणतो, गाणी अजून कॉम्प्रेस करा म्हणजे मावतील’ हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ते करू नका. याच समजुतीपायी आमच्या घरचा एक आवाज कायमचा गेला.

तुमचं सॉफ्टवेअर ऑडिओ सीडी बनवतंय. ऑडिओ सीडीवर एमपीथ्री फाइल जातच नाही. राइट करताना प्रत्येक गाणं पुन्हा पूर्ण उलगडलं जातं: सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. मिनिटाला साधारण १० एमबी. फाइल ३२० केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट; आकडा जितका लहान तितकी फाइल जास्त दाबलेली) असो नाहीतर ६४ ची, चार मिनिटांचं गाणं तिथे चार मिनिटांचीच जागा खातं. ऑडिओ सीडीत एमबी मोजायचे नाहीत, मिनिटं मोजायची, आणि ती ८०. (८० गुणिले १० म्हणजे ८०० झाले, मग ७०० कसे, असं कुणी विचारेलच. डेटा लिहिताना चुका दुरुस्त करायची जास्तीची माहिती सीडीवरच्या प्रत्येक छोट्या तुकड्यात घालावी लागते, म्हणून त्याच सीडीवर डेटा कमी मावतो.)

आता आमचं. माझ्या आत्याचं भजनी मंडळ गिरगावात चाळीच्या गॅलरीत दर एकादशीला जमायचं. काकांनी साध्या टेपरेकॉर्डरवर त्याच्या कॅसेटी भरून ठेवल्या होत्या, काही साठ मिनिटांच्या, काही नव्वद. या कॅसेटी बाजारात मिळत नाहीत, दुसरी प्रत कुठेही नाही. कॅसेटवरून सीडी करून देणारं एक केंद्र होतं, नाव लिहीत नाही. तिथे म्हणाले, ‘एका सीडीत जास्त बसवून देतो, क्वालिटी थोडी कमी करावी लागेल,’ आणि त्याचे वेगळे पैसे लावले. प्रत्यक्षात काय केलं, ते काउंटरवरच्या मुलानेच नंतर सांगितलं. सगळं ६४ केबीपीएस मोनो केलं आणि त्यावरून परत ऑडिओ सीडीच बनवली! म्हणजे आवाज चिरडला आणि जागा एक मिनिटाचीही वाचली नाही. टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे येतात, पेटीचे वरचे स्वर फाटतात. शिवाय नव्वद मिनिटांच्या कॅसेटी ८० मिनिटांवर तोडल्या. शेवटी काय असतं? भैरवी. त्या कॅसेटींवरची आत्याची प्रत्येक भैरवी अशी गेली.

जाब विचारला तर उत्तर, ‘सीडीत तेवढंच मावतं.’ मग दोन सीडी का नाही केल्या? उत्तर नाही. मूळ मोठ्या फाइल मागितल्या, तर काम झालं की डिलीट करतो. निदान कॅसेटी द्या म्हटलं, तर महिना उलटल्यावर फेकतो, पावतीच्या मागे छापलंय. आत्या आता नाही. पैसे गेल्याचं दुःख विसरतो माणूस, हे नाही विसरत. ज्यांचा धंदाच हा, त्यांना ऑडिओ सीडी आणि डेटा सीडी (जिच्यावर फाइल जशीच्या तशी जाते) यांतला फरक माहीत नसावा, हे मला आजही सहन होत नाही. म्हणून घरगुती कॅसेट कुणाकडेही देणार असाल, तर आधी लेखी घ्या: डब्ल्यूएव्ही फाइल (म्हणजे न दाबलेली, मूळ मोठी) आणि कॅसेट दोन्ही परत. नाही म्हणाले तर उठून या.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिओ सीडी’ऐवजी ‘डेटा सीडी’ निवडा आणि एमपीथ्री तशाच टाका. १२८ केबीपीएसला एका सीडीवर साडेबारा तासांच्या वर गाणी मावतात, १९२ ला साडेआठ तास. मला विचाराल तर १९२, कोकणचा रस्ता लांब असला तरी. अर्थात हे मूळ सीडीवरून नव्याने फाइल करणार असाल तर. हातातली १२८ ची फाइल १९२ करून काही मिळत नाही, फक्त जागा जाते.

पण आधी डेकच्या, म्हणजे गाडीतल्या प्लेअरच्या, तोंडावर ‘एमपीथ्री’ लिहिलंय का बघा. नसेल तर बहुधा तो फक्त ऑडिओ सीडी वाजवतो आणि मग ८० मिनिटांपुढे सरळ मार्ग नाही. गाण्यांमधली दोन-दोन सेकंदांची शांतता काढलीत तरी जेमतेम अर्धं मिनिट हाती येईल. ९० मिनिटांच्या सीडी मिळतात, पण त्या प्रमाणाबाहेरच्या, जुन्या डेकला त्या वाचता येतीलच असं नाही. मी तरी घेणार नाही. अभंग एका सीडीवर, नाट्यगीतं दुसऱ्या, भावगीतं तिसऱ्या, असं वाटून घ्या.

विंडोजमधून करत असाल तर कोरी सीडी घातल्यावर तो विचारतो, ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ की ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी’. दुसरं घ्या. पहिल्या प्रकारची सीडी कॉम्प्युटरवर छान चालते आणि गाडीत बहुतेक वेळा ‘नो डिस्क’ येतं. दुकानदार मग डेक बिघडला म्हणून मोकळे होतात. सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) घ्या, आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) नको. आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परततो, जुन्या प्लेअरना ती वाचणं जड जातं. सीडी फायनलाइझ करा, म्हणजे राइट झाल्यावर ती कायमची बंद करा. फाइलची नावं रोमन अक्षरांत, पुढे ००१, ००२ असे आकडे, कारण अनेक डेक नावाच्या क्रमाने वाजवतात आणि देवनागरी दाखवत नाहीत.

कोऱ्या सीडी मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधल्या तर अजून सापडतात, पण पाकीट जुनं, उन्हात ठेवलेलं असेल तर घेऊ नका. वर कागदी स्टिकर लावू नका, गाडीच्या उष्णतेत तो सुटतो आणि प्लेअरमध्ये अडकतो. डॅशबोर्डवर सीडी ठेवणं तर नकोच.

मी तंत्रज्ञ नाही, वर्षानुवर्षं घरी सीडी राइट करत आलेला माणूस आहे, जाणकारांनी चूक असेल तर दुरुस्त करावी. डेकचं मॉडेल इथे लिहा, एमपीथ्री वाचतो का ते शोधून सांगतो.