पन्हळीला डाग द्यायचा की पन्हळच बदलायची?

प्रश्न : नमस्कार काका, आमचं पार्ले पूर्वेला जुनं घर आहे, मंगलोरी कौलांचं, पुढच्या पाख्याला (छपराच्या उतरत्या बाजूला) साधारण तीस फूट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याची पन्हळ आहे, सासऱ्यांनी 35 वर्षांपूर्वी बसवून घेतलेली. गेल्या पावसाळ्यात तीन ठिकाणी गळत होती आणि आतून हॉलच्या भिंतीला वर ओल आलीये, पोपडे पडतायत. एक मिस्त्री म्हणाला डाग देऊन (कथील वितळवून जोड भरून) एम-सील लावतो, झालं काम, दुसरा म्हणतो सगळं काढून टाका. सासरे म्हणतात असा पत्रा आता मिळत नाही, हात लावू नका. नक्की कोणाचं ऐकायचं? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : ताई, तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं अर्ध्याहून जास्त खरं आहे हे आधी सांगतो, कारण त्या काळी पन्हळीला जाड पत्रा वापरायचे आणि आता विचारल्याशिवाय बहुतेक जण पातळ पत्रा लावून मोकळे होतात. गेजचा नंबर जितका मोठा तितका पत्रा पातळ, म्हणजे 24 पेक्षा 22 जाड, 22 पेक्षा 20 जाड. त्यामुळे नुसती जुनी झाली म्हणून पन्हळ काढू नका, वय विचारण्यापेक्षा ती कुठे गळते ते बघा.

आणि ते बघायला पाऊस लागत नाही. एखाद्या कोरड्या दिवशी सकाळी शिडीवर कोणीतरी जाऊन आधी आतला सगळा पाला, माती, कौलांचा चुरा हाताने काढा (शिडी खाली दुसऱ्या माणसाने धरलेलीच हवी, यात तडजोड नको), मग पाणी खाली नेणारा पाईप आहे त्याच्या उलट्या टोकाकडून दोन-तीन बादल्या पाणी हळूहळू सोडा, आणि खाली खडू घेऊन उभं राहून जिथे थेंब पडेल तिथे भिंतीवर खूण करत जा. खुणा जर जोडाखालीच असतील, म्हणजे पत्र्याचे दोन तुकडे जिथे एकावर एक येतात तिथे, तर पन्हळ चांगली आहे, डागडुजीत काम होईल. पण दोन जोडांच्या मधे पत्र्याच्या पोटातूनच पाणी येत असेल तर तिथे गंज आरपार गेलाय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकून बघा, चांगला पत्रा टणटण वाजतो, खाल्लेला भदभद आवाज करतो आणि लाल पापुद्रे सुटतात. पांढरी पूड दिसली तर घाबरू नका, ते वरचं जस्त उतरतंय, तेवढं घासून रंग दिला की आणखी काही वर्षं जातात. एकाच तुकड्यात भोकं असतील तर तेवढाच तुकडा बदला, पण दोन तुकड्यांत निघाली तर मी तरी ठिगळं लावणार नाही, कारण तिसरा तुकडाही त्यांच्याच वयाचा आहे.

दहा मिनिटांनी परत वर जाऊन बघा पाणी कुठे साचून राहिलंय का. नखभर ओलावा चालेल, पण डबकं असेल तर ढाळ (उतार) गेलाय. दहा फुटांना साधारण पाव ते अर्धा इंच ढाळ पाहिजे, आणि तो बहुतेक वेळा पत्र्यामुळे जात नाही, क्लॅम्प सुटल्यामुळे जातो. तेव्हा दोन-अडीच फुटांवर एक असे क्लॅम्प नव्याने मारले की पन्हळ परत सरळ होते, हे काम स्वस्तातलं आहे पण मिस्त्री आपणहून सुचवत नाहीत.

आता तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती भिंतीच्या ओलीची. पाणी पन्हळीच्या पुढच्या कडेवरून पडलं तर अंगणात पडतं, खाली पागोळ्यांची खड्ड्यांची रेघ दिसते, त्याने घराचं एवढं काही बिघडत नाही. पण भिंतीला वरून ओल आहे म्हणजे पाणी पन्हळीच्या मागच्या बाजूने, वळचणीतून, वाशांच्या टोकांवर उतरतंय. तिथे कडेच्या फळीत आणि वाशांच्या टोकांत चाकूचं टोक टोचून बघा. लाकूड कडक असेल तर देवाची कृपा, टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर लाकूड कुजलंय, आणि मग कितीही चांगली पन्हळ त्यावर लावा, खिळे धरणारच नाहीत. अशा वेळी आधी सुताराला बोलवा, फळी बदलून घ्या आणि त्याच कामात पन्हळही नवीन करा, कारण परांची दोनदा बांधायचा खर्च पन्हळीपेक्षा जास्त बोचतो. शेवटच्या ओळीची कौलं मागे सरकलीयत का तेही बघा, कौलाचं टोक पन्हळीच्या आत दीड-दोन इंच यायला हवं. शाकारणी (कौलं नीट लावून घेणं) झाली नसेल तर बऱ्याचदा दोष तिथेच असतो आणि बिचाऱ्या पन्हळीला शिव्या बसतात.

डागडुजीच करायची ठरली तर दोन गोष्टी. एम-सील किंवा सिलिकॉन गंजावर टिकत नाही, तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासून, पूर्ण सुकवून, पन्हळीच्या आतून लावायचं, बाहेरून थापलेलं पहिल्याच सरीत सुटतं. आणि लावल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन घेऊ नका, ते जस्ताला खातं, दुकानात न्यूट्रल सिलिकॉन असं सांगून मागा.

नवीन करताना माप जुनंच धरायचं की मोठं घ्यायचं, याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं पाखं तीस फूट लांब आणि समजा बारा फूट रुंद, म्हणजे जवळपास 33 चौरस मीटर, तासाला 100 मिलिमीटरच्या सरीत त्यावरून मिनिटाला 55 लिटर पाणी येतं, म्हणजे मिनिटाला जवळपास चार बादल्या, आणि ते सगळं एका पाईपमधून जायला हवं. तुमच्या शेजारीच सांताक्रूझला 26 जुलै 2005 ला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेवढ्यासाठी कोणी पन्हळ बनवत नाही, पण तीस फुटांना दोन्ही टोकांना एकेक पाईप दिलात आणि ढाळ मधून दोन्हीकडे ठेवलात तर जोरदार सरीत पन्हळ भरून वाहणार नाही. कोटेशन रनिंग फुटावर मागा, आणि पत्र्याचा गेज, क्लॅम्प, कोपर, परांची आणि जुना माल उचलणं हे सगळं त्यात धरलंय का ते लिहून घ्या. मुंबईत पाऊस पोचायची हवामान खात्याची सरासरी तारीख 11 जून आहे, आणि मे महिन्यात कारागीर गावाला जातात, त्यामुळे बादलीची परीक्षा या रविवारीच करा.

प्रश्न : आमच्या चार मजली इमारतीला गच्चीचं पाणी उतरवणारा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पाईप आहे, त्याच्या जोडात पिंपळ आलाय. दरवर्षी कापतात, दरवर्षी येतो. वरच्या मजल्यावर आमच्या बेडरूममधे ओल. सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा. — माहीम

उत्तर : पिंपळ वरून कापणं म्हणजे त्याची छाटणी करणं, तो अजून जोमाने येतो. मूळ जोडातल्या शिशाच्या आणि तागाच्या भरावात शिरलेलं असतं, तो जोड उघडून मूळ काढून परत भरावा लागतो. बीड स्वतः फार टिकतं, तेव्हा एक-दोन जोडच खराब असतील तर पूर्ण पाईप बदलायची गरज नाही. पण पाईपला उभी चीर असेल (भिंतीकडची बाजू बघा, तिथेच असते आणि तिथे कोणी बघत नाही) तर ती लांबी बदलावीच लागेल. खर्चाचं म्हणाल तर सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची बाहेरून येणारी गळती आणि सामाईक पाईपची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, तुमचं एकट्याचं नाही. फोटो लावून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी बोलणं मीटिंगमधे विरून जातं. नवीन पाईप ड्रेनेजच्या लाईनला जोडू देऊ नका, मुंबईत मलवाहिनी आणि पर्जन्य जलवाहिनी वेगळ्या आहेत. आणि पाईप बिडाचा नसून सिमेंटसारखा राखाडी असेल तर तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो, तो कोरडा कापायचा, घासायचा किंवा फोडायचा नाही, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे, जाणकार माणसाकडूनच अख्खा उतरवून घ्या.

प्रश्न : पत्रा काढून पीव्हीसीची पन्हळ लावली तर चालेल का? — मुलुंड

उत्तर : चालेल, गंजाचा प्रश्न राहत नाही. फक्त पीव्हीसी उन्हाने वाढतं, दहा मीटरला 20 अंशांच्या फरकाने साधारण एक सेंटिमीटरभर, म्हणून जोडात जागा सोडायला सांगा, नाहीतर मे महिन्यात पन्हळ फुगून वाकडी होते आणि क्लॅम्पमधून निसटते. आणि पाईपच्या तोंडाशी जाळी लावलीत तर पावसाळ्यात दर आठवड्याला साफ करा, तुंबलेल्या पन्हळीतल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.