एक नाव, दुसरी नाव

अमळनेर,
रविवार

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. एवढंच कळलं की एपासून एमपर्यंतचे इंग्रजी शब्द वहीत उतरवून झाले आणि एनला येईतो मागचे पुसले गेले. रोज चाळीस शब्द, सगळे एकाच अक्षराचे, समोर मराठी अर्थ. अभ्यासिकेत सगळे असंच करतात म्हणालीस. करू देत.

पाठांतराला माझी ना नाही. पाढे काय समजून येतात? पण एक अक्षर म्हणजे एसटीतलं एक बाकडं. शेजारी बसले म्हणून ते एका घरचे नसतात. घरचे कोण ते विचारावं लागतं. एनच्या बाकड्यावर मात्र आपले पाहुणे बरेच निघतात. नेम म्हणजे नाम, नेल म्हणजे नख, नोज म्हणजे नासिका, नेव्हल म्हणजे नाभी, नेकेड म्हणजे नग्न. न्यू आणि नाइन या दोघांना संस्कृतात नवच म्हणतात. हे शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेलेले नाहीत. जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या असं पारावर कोणी छातीठोक सांगेल, तेही ऐकून सोडून दे. विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशानं १७८६ साली कोलकात्यात सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आलेल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आज उरलंही नसेल. इंग्रजीचं घराणंही त्याच मुळाचं. म्हणजे या मायलेकी नाहीत, चुलतबहिणी आहेत.

नाइटचं स्पेलिंग तुझं नेहमी चुकतं, म्हणून ते आधी घेतो. तुझी आजी श्रावणी सोमवारी नक्त करायची, आठवतं? दिवसभर उपास, जेवण रात्री. नक्त म्हणजे रात्र. त्यातल्या ‘क्’च्या जागी जुन्या इंग्रजीत घशातून काढलेला ‘ख’सारखा आवाज होता. जर्मन माणूस आजही रात्रीला ‘नाख्ट’ म्हणतो. इंग्रजांच्या तोंडातून तो आवाज गेला, पण स्पेलिंगमध्ये जी-एच होऊन मुका बसून राहिला. आजीचं नक्त आठव, जी-एच आपोआप लिहिला जाईल.

आता नॉशिया. शिरपूरच्या एसटीत तुला गाडी लागायची आणि तू सगळा रस्ता लिंबू हुंगत काढायचीस. ग्रीक लोकांना गाडी नव्हे, जहाज लागायचं. त्यांच्या भाषेत जहाजाला नाउस म्हणत, त्यावरून नॉशिया. नेव्ही आणि नेव्हिगेट हे लॅटिनमधून आले, पण त्याच कुळातले. आपल्याकडे नौ, नौका आणि प्रकाशा गावाला तापीत चालते ती नाव.

इथे जरा थांब, मला यात फार मजा वाटते. ‘तुनं नाव काय शे?’ या आपल्या अहिराणी प्रश्नातलं नाव निराळं, ते नामाचं. तापीतली नाव नौ-ची. मराठीत घासून घासून दोघांचा उच्चार एक झाला. जुन्या पुस्तकात माणसाचं नाव ‘नांव’ असं टिंब देऊन छापलेलं दिसेल. ते टिंब म्हणजे नाममधल्या ‘म’ची उरलेली खूण. आपण ते पुसलं. इंग्रजीत मात्र नेम आणि नेव्ही कधी एकमेकांत मिसळले नाहीत.

काही शब्द या बाकड्यावरून उठून भलतीकडे जाऊन बसलेत. गल्लीत तुम्ही ज्याच्याशी भांडायचात तो अंपायर मुळात ‘नंपायर’सारखा होता, फ्रेंचमधून आलेला. अर्थ, जोडी नसलेला, म्हणजे दोघांच्या वादातला तिसरा. ‘अ नंपायर’ ऐकताना लोकांनी ‘अन अंपायर’ ऐकलं आणि एन गेला. एप्रनचंही तसंच. निकनेमचं उलटं झालं. तो ‘ईकनेम’ होता, ईक म्हणजे जास्तीचं, आणि त्याला मागच्या ‘अन’चा एन चिकटला. ऑरेंज तर आपलं नारिंग. फारसी, अरबी करत युरोपात पोचलं आणि तिथे एन गळला. ही मंडळी तुला यू, ए आणि ओच्या पानांवर सापडतील.

नाइसचा जुना अर्थ मूर्ख, मुळात अजाण. एवढंच पुरे.

आता माझी चूक. वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आलो की इंग्रजी नीट म्हणजे आपलंच नीट, बघा कसं जुळलं! पोरं खूश व्हायची. निवृत्तीनंतर व्युत्पत्तिकोश चाळताना दिसलं की इंग्रजी नीट लॅटिनमधल्या ‘नितिदुस’वरून, म्हणजे चकाकणारा. आपल्या नीटशी त्याचा काडीचा संबंध नाही. (तुझ्या बहिणीच्या परीक्षेचाही नाही.) ती पोरं आता चाळिशीला आली, त्यांना कुठे गाठू? तेव्हा नुसता आवाज जुळला म्हणून सोयरीक करू नकोस, आधी कोश उघड.

वहीचं पान मधोमध दुमड. उजवीकडे अर्थ लिहितेस तो राहू दे, डावीकडे नातं लिही. नातं सापडत नसेल तर डावीकडे त्या शब्दाचं एक वाक्य, आपल्या घरातलं. चाळीस नकोत, बारा बस.

दिवाळीला येशील तेव्हा केचं पान घेऊन ये. नी आणि नो लिहिताना के येतो, बोलताना नाही. नो ज्ञानाच्या घरचा, हे सांगून टाकतो. नी म्हणजे गुडघा कोणाच्या घरचा, ते तू शोध. हात गुडघ्यापर्यंत पोचणाऱ्या वीराला काय म्हणतात ते आठव.

कळण्याचं पीठ आईकडे दिलंय, ओलं होऊ देऊ नकोस.

तुझा,
नाना