वाचकांचे प्रश्न : सूर जागेवर, शब्दाचा शेवट निसटलेला

प्रश्न : नोकरीनिमित्त मी हाँगकाँगला राहते आणि कामापुरती कँटोनीज बोलते. शेजारच्या आजींना चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. त्यांना सगळे समजते, वर्तमानपत्रही त्या वाचतात, पण उच्चार जडावले आहेत. त्यांनी आकडे सांगितले की शंभराचा ‘पाक्’ मला आठाच्या ‘पात्’सारखा ऐकू येतो. ही सुरांची भाषा, सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. मग त्यांचे सूर बिघडले असतील का?
— एक वाचक, हाँगकाँग

उत्तर : या उदाहरणात तरी दोष सुरांचा नाही, कारण ‘पात्’ आणि ‘पाक्’ या दोन्हींचा सूर एकच आहे, मधल्या पट्टीतला. फरक आहे तो शेवटी जीभ कुठे टेकते याचा : ‘पात्’मध्ये टोक दातांमागे, ‘पाक्’मध्ये मागचा भाग मऊ टाळूला. आपण मराठीत ‘पाक’ म्हणताना शेवटचा क जरा मोकळा सोडतो. कँटोनीजमध्ये जीभ टेकते आणि तिथेच थांबते, हवा सुटत नाही. त्यामुळे ‘आ’ संपता संपता जीभ कोणत्या दिशेने निघाली, एवढीच खूण ऐकणाऱ्याच्या हाती लागते आणि जीभ अशक्त होऊन वेळेत पोहोचली नाही, तर तीही पुसली जाते. सूर मात्र स्वरयंत्रातल्या तारांच्या ताणावर ठरतो, आणि त्याची नसही जिभेच्या नसेहून वेगळी. पक्षाघातात दोन्ही सापडू शकतात, म्हणून सूर तपासण्यासाठी आजींना ‘सी’ हा उच्चार वेगवेगळ्या सुरांत म्हणायला सांगावा : कविता, इतिहास, वेळ, बाजार, सारे ‘सी’च, केवळ सूर निराळे.

एक सावधगिरी हवी. हाँगकाँगमधली बरीच तरुण मंडळी धडधाकट असूनही शेवटचा क् त्-सारखा उच्चारतात. तिथे याला ‘आळशी उच्चार’ म्हणून नावे ठेवली जातात. आजी आधीपासूनच तसे बोलत होत्या का, हे घरच्यांना विचारल्याशिवाय खापर पक्षाघातावर फोडू नये.

जीभ मंद झाली आहे की तिचा पल्ला आखूड झाला आहे, हे नुसत्या कानाने सांगणे आम्हालाही अवघड जाते. संशोधनात त्यासाठी जिभेच्या टोकावर व मागे काही मिलिमीटरच्या तारगुंडाळ्या चिकटवतात आणि डोक्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात त्यांची जागा सेकंदाला शेकडो वेळा टिपतात. त्यातून वेग आणि अंतर वेगवेगळे मोजता येतात. रोजच्या उपचारात हे यंत्र क्वचितच असते; तिथे ‘पात्-पाक्’सारख्या जोड्या हळूहळू म्हणवून घेणे हाच सराव.

घास गिळायलाही हीच जीभ लागते. पाणी पिताना आजींना ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर, घोगरा होत असेल, तर उच्चारांआधी गिळण्याची तपासणी करून घ्यायला त्यांच्या मुलांना सांगा.