टेबल तीस इंचांचंच का?

प्रश्न: नमस्कार ताई. सांगलीत माझा करसल्ल्याचा व्यवसाय आहे. नवा गाळा घेतलाय, आतून सव्वातीनशे चौरस फूट. आम्ही सहा जण, त्यात चार मुली. मिस्त्री म्हणतो, तीस इंची टेबलं, पुढे काचेचं रिसेप्शन आणि केबिनमध्ये उंच पाठीची बॉस चेअर. बजेट साडेतीन लाख. जुन्या जागेत मुलींचे मान-खांदे सतत दुखायचे. या वेळी तसं व्हायला नको.
– एक वाचक, सांगली

उत्तर: तुमचा मिस्त्री त्याला शिकवलं तेच सांगतोय. बाजारातली तयार टेबलंही ७५० मिलिमीटरचीच, म्हणजे जवळपास तीस इंचांचीच असतात. पण ती मापं कुणाची, हे कुणी विचारत नाही. तुमच्या मुलींपैकी सर्वांत बुटकी असेल तिला चपला घालून खुर्चीत नीट बसवा आणि टेप घ्या. पाच फुटांच्या आसपासच्या मुलीचं गुडघ्यामागून जमिनीपर्यंत साधारण १६ इंच भरतं, बैठकीपासून कोपरापर्यंत ८. म्हणजे कोपर २४ इंचांवर आणि कीबोर्ड तिसाच्याही वर. अख्खा जुलै ती खांदे उचलून रिटर्न भरते. दुखणार नाही तर काय?

म्हणून टेबल २४ इंचांचं करा, असं मात्र नाही. मग मांड्या आत जाणार नाहीत. २७ इंच धरा. वरची फळी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच प्लायची आणि तिच्याखाली ड्रॉवर अजिबात नको. मिस्त्री तो हटकून लावतात आणि पायांची चार-पाच इंच जागा खातात. ड्रॉवरचं चाकांचं खोकं वेगळं करून बाजूला ठेवा. उरलेल्या फरकासाठी खुर्ची थोडी वर घ्यायची आणि पायाखाली उतरता पाट द्यायचा. उरलेल्या प्लायच्या तुकड्यांतून चार पाट सहज निघतील. सहांत कुणी पावणेसहा फुटांचा असेल, तर त्याचं एकट्याचं टेबल तीस इंचांचं करा. ‘लाइन तुटते’ असं मिस्त्री म्हणेल. म्हणू दे.

रिसेप्शन रद्द. तुमच्याकडे येणारा माणूस फाइल घेऊन थेट टेबलाशी येतो. काचेमागे बसवायला तुमच्याकडे माणूस तरी कुठे आहे? ते पैसे खुर्च्यांना लावा. बॉस चेअरचं आकर्षण मला कधीच कळलं नाही. तिची बैठक इतकी खोल असते की मध्यम उंचीचा माणूस पाठ टेकवायला गेला, तर बैठकीची कड पोटऱ्यांत रुतते. मग तो दिवसभर पुढच्या टोकावर बसतो आणि ती उंच पाठ मागे नुसती शोभेला. खुर्ची घेताना पाठ पूर्ण टेकवा आणि गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जातात का ते बघा. नाही गेली तर ती खुर्ची तुमची नाही, कितीही महाग असो. मुलींना दुकानात सोबत न्या.

उजेडाचं एकच सांगते: पंख्याच्या वर दिवा नको, पात्यांची सावली कागदावर फिरत राहते. आणि खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा समोर न येता बाजूला यावी.

प्रश्न: आमचं विम्याचं ऑफिस चिपळूणमध्ये तळमजल्यावर आहे. जुलै २०२१ च्या पुरात सगळं फर्निचर फुगून गेलं. आता नव्याने करतोय. दुकानदार म्हणतो मरीन प्लाय घ्या, काही होत नाही. खरं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: अर्धं खरं. तुमचं जे फुगलं ते बहुधा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड असणार. तो एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. त्याला पूरही लागत नाही, रोज फरशी पुसतानाचं पाणी पायांशी मुरलं तरी पुरतं. मरीन प्लायचा डिंक वेगळा असतो. आयएस ७१० या मानकात तो ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. पण शिक्का बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. शीटवर आयएसआय खुणेसोबत परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून बघा.

तरीही पुराचं पाणी चिखल घेऊन येतं आणि तासन् तास थांबतं. त्यामुळे तुमच्या जागी मी खालच्या तीन फुटांत लाकूडच ठेवणार नाही. टेबलांना पावडर कोटिंगचे लोखंडी पाय आणि वरची फळी बोल्टवर, दोघांनी उचलून जिन्यावर नेता येईल अशी. कपाटं भिंतीला, वर. जमिनीवर काही हवंच असेल तर कडप्प्याचा कट्टा. फाइली वरच्या मजल्यावर, आणि हे पावसाळ्याआधी. वाळवीचं औषध फरशीच्या सांध्यांत आधी मारून घ्या, फर्निचर लागल्यावर कुणी हलवत नाही.

प्रश्न: पुण्यात बाणेरला आमचं चौदा जणांचं ऑफिस आहे. काचेच्या केबिन, चकचकीत टाइल्स, पीओपी. दिसतं छान, पण प्रत्येकाचा फोन सगळ्यांना ऐकू येतो. भिंतींना फोम लावू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: फोमने खोलीतला घुमारा कमी होईल, केबिनमधला आवाज बाहेर यायचा थांबणार नाही. आधी शिडी लावून फॉल्स सीलिंगची एक टाइल उचला किंवा पीओपीचं झाकण उघडा. काचेचं पार्टिशन बहुतेक वेळा तिथेच संपलेलं असतं आणि वरून सगळी पोकळी एकच. आवाज तिथून फिरतो. तेवढा भाग बंद करा, दाराखालची फट बुजवा. बाहेरच्या भागात आवाज शोषणारं मिनरल फायबरचं सीलिंग आणि एका भिंतीवर कापडाचा सॉफ्ट बोर्ड. आणि फार फोन करणाऱ्या तिघा-चौघांना एका कोपऱ्यात बसवा, याला खर्चच नाही.

प्रश्न: घरी अनुवादाचं काम करतो, रोज सात-आठ तास बसणं होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात जाळीची खुर्ची बरी की गादीची? घरात वडिलांची वेताची खुर्ची आहे, वेत तुटलाय.
– एक वाचक, नागपूर

उत्तर: जाळीची. १९९४ मध्ये अमेरिकेत ‘एरॉन’ खुर्ची आली आणि गादीऐवजी जाळी जगभर पसरली. आपल्या सरकारी कचेऱ्या वेतावर त्याआधीच वारा खात होत्या. स्वस्त जाळी मात्र लवकर झोळ धरते आणि पुढची कड मांडीला टोचते, तेव्हा दुकानात पाच मिनिटं बसून बघा.

त्याआधी वडिलांच्या खुर्चीचं माप घ्या, वर सांगलीकरांना सांगितलं तसं. जुळलं तर नवी घेऊच नका. अंध व्यक्तींच्या अनेक संस्थांमध्ये वेत विणून मिळतो. तो ओला असताना विणतात आणि वाळताना ताणला जातो. आणल्या दिवशी लगेच बसू नका.