साडेनऊला झोपणारी बायको

ताई, नमस्कार.

माझं वय ४६. निगडीला राहतो, सहकारी बँकेत नोकरी. बायको चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीला आहे. व्हेंडर ऑडिटसाठी, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांची तपासणी करायला, वर्षातून तीन-चारदा चेन्नईजवळ ओरगडमला जाते, दरवेळी चार रात्री. यंदा आमच्या लग्नाचा सोळावा वाढदिवस नेमका तिच्या टूरमध्ये येतोय. मी म्हटलं, मीही येतो. हॉटेलची खोली कंपनीने घेतलेलीच असते, एक झोपला काय नि दोघं झोपली काय, भाडं तेच. विमानाचं तिकीट मी माझ्या पैशांनी काढणार. दिवसा ती कामाला, मी महाबलीपुरम, कांचीपुरम करीन (व्हेंडरची गाडी दिवसभर नुसती उभी असते), संध्याकाळी दोघं मिळून जेवू.

ती आधी 'बघू' म्हणाली. मग म्हणाली, कंपनीला चालणार नाही. त्यांच्या एचआरमध्ये माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, स्वतःचा खर्च स्वतः केला तर सहसा कोणी हरकत घेत नाही. हे तिला सांगितल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

संशय वगैरे मला नाही. रोज व्हिडिओ कॉल होतो. (तोही लवकर करावा लागतो, कारण तिकडे ती साडेनऊलाच झोपते. घरी बारापर्यंत तिचं काही ना काही चालू असतं.) सासू-सासरे गेल्यापासून तिचं कुठे जाणं होत नाही, म्हणून तर वाटलं की थोडं फिरणं होईल. मुलगा दहावीत आहे, मुलगी सहावीत, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. पण चार दिवसांसाठी माझी बहीण येऊन राहायला तयार आहे. माझी रजाही मंजूर झाली. मला कसलंही व्यसन नाही, सहाच्या ठोक्याला घरी येतो, पहाटे टेकडीवर फिरायला जायचं म्हणून रात्री दहाला झोपतो. बायकोला माझी सोबत नको वाटावी असं मी काय केलंय?

– सोबत यायला तयार असलेला नवरा

* * *

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय.

त्याकडे येतेच. आधी कंपनीचं उरकून टाकू, कारण तुम्ही बँकेतले आहात आणि हिशेब चुकीचा मांडलाय. भाडं तेच नसतं. पुष्कळ हॉटेलांत एका माणसाचा दर वेगळा, दोघांचा वेगळा, आणि दुसऱ्या पाहुण्याचं ओळखपत्र दाखवून नाव लिहून घेतल्याशिवाय तुम्हाला वर सोडणार नाहीत. ते बिल कंपनीच्या नावावर निघणार, दुसऱ्या माणसाचा नाश्ता त्यात दिसणार आणि तो वेगळा काढून द्या म्हणून काउंटरवर उभी कोण राहणार? ती. कामाच्या दौऱ्यावर सोबत आलेल्या घरच्या माणसाचा खर्च कंपनीने उचलला तर आयकराच्या नियमांत तो नोकरदाराला मिळालेला लाभ धरतात, त्यावर कर लागतो. तुम्ही स्वतः खर्च करणार आहात हे कळलं. पण तो खर्च वेगळा काढण्याचा खटाटोप तिच्याच माथी येतो, एवढं लक्षात घ्या.

आणि व्हेंडरची गाडी? अहो, तुमची बायको त्या व्हेंडरच्या चुका काढायला जाते. दिवसभर त्यांच्या लाइनवर उभी राहून मापं घ्यायच्या गेजच्या कॅलिब्रेशनची मुदत कधी संपली ते बघते, कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलंय एक आणि चाललंय दुसरंच, हे त्यांच्या तोंडावर सांगते. शेवटच्या दिवशी क्लोजिंग मीटिंगमध्ये 'मॅडम, ही त्रुटी मेजर नको, मायनर करा' म्हणून समोरचे अजीजी करत असतात. त्या माणसांच्या गाडीतून तिचा नवरा महाबलीपुरमला जाऊन आला, तर दुसऱ्या दिवशी ती कोणत्या तोंडाने मेजर त्रुटी लिहिणार? बँकेतल्या माणसाला हे मी सांगायला हवं? कर्ज मंजूर व्हायच्या आदल्या दिवशी कर्जदाराच्या गाडीतून तुम्ही बायकोला अष्टविनायकाला नेलं असतंत का?

आणि तिच्या ऑफिसात तिच्या पाठीमागे जाऊन चौकशी केलीत, ते तर वाईटच केलंत. 'कंपनीला चालणार नाही' ही तिच्या हातातली एकच ढाल होती. कुणाला न दुखवता नाही म्हणायची सोय. तुम्ही ती काढून घेतलीत, वर कौतुकाने येऊन सांगितलंत. दोन दिवस बोलली नाही हे कमीच.

आता तो कंस. तिकडे ती साडेनऊला झोपते, घरी बारापर्यंत तिचं काही ना काही चालू असतं.

'काही ना काही' म्हणजे काय, ते सांगू शकाल? कागद घेऊन लिहा बघू. तुम्हाला जमणार नाही, कारण तुम्ही दहाला झोपता. सोळा वर्षांत तुमच्या घरात रात्री दहा ते बारा काय चालतं ते तुम्ही पाहिलेलंच नाही. मी तुमच्या घरी कधी आलेली नाही, तरी सांगते. दूध तापवून, निववून विरजण लावणं. उद्याच्या डब्याची गवार मोडणं. मटकी निवडून भिजत घालणं. तुमच्याकडे महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा पिण्याचं पाणी भरून ठेवणं. मशीनमधले कपडे काढून वाळत घालणं, मुलीचा युनिफॉर्म सापडला नाही तर तो शोधून इस्त्री करणं. ओटा पुसणं, गॅस बघणं, दाराची कडी. दहावीतला मुलगा दार लावून बसलाय, तो वाचतोय की मोबाइलवर आहे हे दार ढकलून न ओरडता बघणं, आणि वाचत असेल तर त्याला काहीतरी खायला देणं. आणि तुमच्या आईंचे डोळ्यांतले थेंब. मोतीबिंदूनंतर बहुतेकांना एकाहून जास्त प्रकारचे थेंब असतात, आणि एकावर लगेच दुसरा घालायचा नसतो, मध्ये पाच मिनिटं सोडायची असतात. ती पाच मिनिटं रोज रात्री तुमच्या आईंच्या उशाशी कोण बसतं?

सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची मोजणी केली होती. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७. म्हणजे जे मुळीच करत नाहीत, ते या ९७ मध्ये नाहीतच. तुम्ही कुठे बसता ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता हीच बाई ओरगडमला काय करते बघा. सकाळी साडेआठला ओपनिंग मीटिंग. आठ-नऊ तास उभं राहणं आणि वाद घालणं. हॉटेलवर येऊन दिवसाच्या नोंदी लॅपटॉपवर उतरवणं. घरच्यापेक्षा तिकडचा दिवस हलका नसतो. पण जेवणाचं ताट समोर येतं, खरकटं कुणी दुसरं उचलतं, आणि साडेनऊला खोलीतला दिवा बंद केला की सकाळपर्यंत तिला कुणी हाक मारत नाही. वर्षातल्या बारा-सोळा रात्री. तुम्ही म्हणताय, त्याही मला द्या.

माझी आई वर्षातून एकदा माहेरी जायची, वाईला. पोचल्यावर पहिले दोन दिवस ती फक्त झोपायची. आजी आम्हा पोरांना माजघरातून हाकलायची, 'आईजवळ जाल तर बघा' म्हणायची. आम्हाला वाटायचं आई आजारी आहे. मोठी झाल्यावर कळलं, माहेरपण म्हणतात ते बरचसं हेच. पुरणपोळी, साडीचोळी नंतर. आधी झोप. आणि वडील न्यायला यायचे ते शेवटच्या दिवशी. पहिल्या दिवसापासून सासुरवाडीत मुक्काम ठोकणाऱ्या जावयाला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या सासू-सासऱ्यांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. माहेर संपलंय तिचं. तिने ते तिकडे, विमानाने पावणेदोन तासांवर, कंपनीच्या खर्चाने परत मांडलंय. त्या खोलीत तुम्ही निघालात, आणि ती 'नको' म्हणाली तर विचारताय, मी काय केलंय.

तुम्ही गेलात तर काय होईल तेही सांगते. कांचीची देवळं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात, ती चारच्या पुढे उघडतात. फेब्रुवारीतसुद्धा तिकडचं ऊन तुम्हाला सोसणार नाही. तेव्हा तुम्ही खोलीवर येऊन झोपाल. संध्याकाळी ती दमून येईल तेव्हा तुम्ही ताजेतवाने असाल, फोटो दाखवाल, 'आज कुठे जेवायचं?' विचाराल. तुमच्या बनियनपासून चार्जरपर्यंत सगळं तिने भरलेलं असेल, आणि कुठल्या कप्प्यात ते तिलाच विचाराल. बहिणीचा घरून फोन येईल, थेंबांची बाटली कुठली ते विचारायला. तोही तिलाच. साडेनऊ कधीच वाजून गेलेले असतील.

तुम्ही चांगले आहात, निर्व्यसनी आहात, वेळेवर घरी येता. माझा काही वाद नाही. तिने हे तोंडाने सांगायला हवं होतं, असं काही वाचक मला लिहितील. मी ते म्हणणार नाही. नुकतंच ऑपरेशन झालेली सासू घरात असताना, 'मला चार रात्री कुणीही नको, तुम्हीसुद्धा नको' हे वाक्य बोलून बघा म्हणावं एकदा.

तर, रजा मंजूर झालीय ना? ती रद्द करू नका. तीच रजा घ्या आणि निगडीतच राहा. बहिणीला 'येऊ नकोस' म्हणून कळवा. बाहेरून डबा लावू नका. त्या चार दिवसांत तुमच्या घरातले रात्रीचे साडेनऊ ते बारा तुमचे. सकाळची टेकडी चार दिवस तुमच्याविना उभी राहील. काय कुठे आहे ते बायकोला विचारायचं नाही. आईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. मुलीला तर तुमच्याहून जास्त ठाऊक असेल. करताना फोटो काढून तिला पाठवू नका. चार दिवसांनी ती येईल, तेव्हा 'किती केलं बघ' म्हणून दाखवू नका, आणि मुख्य म्हणजे ते परत तिच्या हातात देऊ नका. साडेनऊनंतरचं घर यापुढे तुमच्याकडे. लग्नाच्या वाढदिवसाची दुसरी भेट घ्यायची गरज नाही. कांचीची साडी तर मुळीच नको, तिला हवी असेल तर ती स्वतः घेऊन येईल.

दूध निवून कोमट झाल्यावरच विरजण लावा, गरमात लावलंत तर दही नीट लागत नाही. थेंबांची चिठ्ठी बहुतेक फ्रिजवर असेल, चष्मा लावून वाचा. मुलाच्या खोलीचं दार ढकलताना आवाज करू नका.

आणि नऊच्या सुमाराला तिचा फोन येईल. काय चाललंय विचारील. 'मटकी निवडतोय' म्हणा आणि ठेवून द्या. तिला झोपायचंय.